छेद

अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर मी आकडे भरते
नाशकात, जिल्हा परिषदेच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली,
जिथे जुन्या लसपेटीवर चहाचा ट्रे ठेवतात.
समोर भिंतीवर देशाचं उद्दिष्ट:
रक्तक्षय, अमुक सालापर्यंत, निम्म्यावर.
त्याखाली राज्याचं, जिल्ह्याचं, सुरगाण्याचं.
वरून ओतलेलं ते गाळत गाळत
वडपाड्याच्या येसाबाई भोयेपर्यंत पोचतं
तेव्हा एक लाल गोळी उरलेली असते.
रोज एक. रात्री, जेवणानंतर.

गोळ्या सापडल्या नागलीच्या डब्यात.
नागली नव्हती, म्हणून डब्यात जागा होती.
आशाताईने विचारलं, का गं घेत नाहीस?
येसाबाई म्हणाली,
गोळी घेतली की भूक लागते.

माझ्या पडद्यावर कारणं चारच:
मळमळ. विसर. गैरसमज. इतर.
मी इतर निवडलं, पुढे लिहिलं, भूक लागते.
चौकट लाल झाली. अमान्य नोंद.
पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल.
गैरसमज टाका ना, साहेब चहा पिता पिता म्हणाले,
सहा वाजले.
मी टाकलं.
ह्याच बोटाने.

मार्गशीर्षात वडपाडा एकदम सुधारला.
एकाहत्तर टक्क्यांवरून चव्वेचाळीस!
साहेबांनी आलेख मोठा करून घेतला,
सामोसे आले, फोटो निघाला, मीही त्यात आहे,
डावीकडून दुसरी, चटणीचा द्रोण धरून.
मला ठाऊक होतं.
दोन पिकअप भरून बायका रात्रीच दिंडोरीकडे उतरल्या होत्या
द्राक्षांच्या कामाला, कडेवरच्या पोरांसकट.
नोंद: स्थलांतरित.
स्थलांतरित म्हटलं की माणूस अंशातून जातो
आणि छेदातूनही.
मागे राहिली मास्तरांची बायको, सरपंचांची सून,
अशा मोजक्या, खाऊनपिऊन असलेल्या.
अशक्त बायका निघून गेल्या
आणि पाडा सुदृढ झाला.

रविवारी निमाणीवरून बस धरली.
मोहाडीच्या अलीकडे उतरून विचारत विचारत गेले.
येसाबाई मांडवाखाली होती, मान वर, हात वर,
बोटांत प्लास्टिकची पट्टी, पट्टीला गोल भोक.
अठरा मिलिमीटर, तिने मला शिकवलं.
मणी भोकात अडला तर बोटीने परदेशात,
पार निघून गेला तर बाजारात, इथल्याच.
पोरगं खताच्या गोणीवर निजलेलं.
मी पर्समधून माझी पट्टी काढली,
त्याच्या दंडाभोवती गुंडाळली, ओढली.
खिडकीत लाल दिसलं.
ती वाकून बघत राहिली.
हीपण तसलीच का?
आणि बारीक निघाला, तर तुम्ही कुठं पाठवता?

मी म्हटलं, ग्रामीण रुग्णालय, चौदा दिवस, जेवण फुकट.
तिने बोटांवर मजुरी मोजली,
मग मुकादमाची उचल मोजली,
मग मोजणं सोडून दिलं.
वेलीकडे बघत म्हणाली,
मणी भरला नाही ना, तर मालक मण्याला बोलत नाही.
मुळाशी उकरतो. पाणी पोचतंय का बघतो.
एवढंच. आणि पुन्हा मान वर.

सोमवारी मी तिचं नाव मोहाडीच्या उपकेंद्राला जोडलं.
पोराचंही. मग उरलेल्या तीस जणींचं,
एकेक, जेवणाच्या सुट्टीत.
बुधवारी दिंडोरीहून फोन आला, आवाज चढलेला:
मॅडम, आमचा टक्का कशाला बिघडवता?
कोण ह्या बायका? राहतात कुठे?
मी म्हटलं, लिहून घ्या.
कालव्याच्या पुलावरून डावीकडे, निळ्या टाकीची बाग,
पंपघरापासून सहावी ओळ.
दिवसभर तिथेच असते.
जाताना गोळ्या न्या.
आणि काहीतरी खायला न्या, गोळीच्या आधी.
पलीकडे पेन थांबल्याचं ऐकू आलं.
हे कुठल्या रकान्यात लिहू, त्याने विचारलं,
ह्या वेळी जरा हळू.